मामंजींची पांढरी आमरी

आमच्या सासरी कुणी खोटं बोलत नाही. विचारा कुणालाही. सगळे फक्त एकमेकांचं मन राखतात. मी आले तालमीला लागून असलेल्या गल्लीतून. तिथं मनात आलं की तोंडात आलंच, मग समोरच्याला झोंबो नाहीतर गोड वाटो. त्यामुळं हे मन राखणं म्हणजे नक्की काय असतं ते कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं ते एका फुलापायी.

मामंजी म्हणजे माझे सासरे, आमच्या ह्यांचे आण्णा. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. थोरले भाऊजी आणि जाऊबाई इचलकरंजीला राहायचे, भाऊजींचे तिथं माग होते. जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. आम्ही धाकटे कोल्हापुरात, मंगळवार पेठेत. आमचे हे उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत कामाला जायचे. मामंजी आमच्याकडं असायचे, आणि वर्षातून एकदा, शिवरात्र झाली की, थोरल्याकडं राहायला जायचे.

त्यांना नाद एकच, ऑर्किडचा. ते त्याला आमरी म्हणायचे. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा लोक गुलाब लावायचे, फार तर शेवंती. हे झाड मातीत लावायचंच नाही, कोळशात आणि विटांच्या तुकड्यांत लावायचं, म्हटल्यावर शेजारणी माझ्याकडं अशा बघायच्या की म्हाताऱ्याला जरा लागलंच आहे. मीही पहिल्यांदा तसंच बघितलं.

त्यांच्याकडं दोन जुनी झाडं होती. एक जांभळ्या फुलाचं, बंगळूरच्या एका रोपवाटिकेतून आणलेलं. दुसरं पांढरं, चंदगडच्या एका बागायतदारानं दिलेलं. जांभळं शंभर टक्के शुद्ध आहे असं रोपवाटिकेच्या माणसानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मामंजींचा विश्वास बसला नव्हता. त्यांचं म्हणणं, हे संकरित झाड आहे, याच्या आईबापांत कुणीतरी पांढरं होतं आणि ते याच्या पोटात दडून बसलंय. चंदगडच्या पांढऱ्याशी याची जोडी लावली आणि पोरांत एक जरी नितळ पांढरं निघालं, तर माझं खरं. कॉलेजातले त्यांचे जुने सोबती त्यावर हसले होते. ते हसणं म्हाताऱ्याला लागलं होतं, कारण त्यांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं.

तर त्यांनी जोडी लावली. शेंग धरली, पिकली, फुटायच्या आत काढली. आत बी कसलं, तपकीरच. ती तपकीर कॉलेजाच्या प्रयोगशाळेत बाटल्यांत पेरली. निवृत्त झाले तरी त्यांना तिथं कुणी नको म्हणत नसे. रोपं बोटाएवढी झाली तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेली किती टिकेल ते सांगता यायचं नाही. मामंजी घरी आले, चहा प्याले आणि मला म्हणाले, "सूनबाई, एक पांढरं बघितलं की झालं. मग दिसलं काय, न दिसलं काय."

हे झाड बाटलीतून बाहेर आल्यावर फुलायला तीन-चार वर्षं सहज घेतं. म्हणजे आता झाड आणि डोळे यांची शर्यत.

रोपं एकाच घरात ठेवू नयेत, एका घरी रोग पडला तर दुसऱ्या घरी राहतील, असं ठरलं. म्हणून वाटे घातले. आमच्याकडं शेताचे असोत नाहीतर भांड्यांचे, वाटे थोरल्यानं घालायचे आणि आधी धाकट्यानं उचलायचे, म्हणजे घालणाऱ्याला लबाडी करता येत नाही. आक्का आमच्या सोप्यात पदर खोचून बसल्या आणि एकेक रोप हातात घेऊन, पानं बघून दोन ओळी केल्या. एकीकडं रुंद पानांची, हिरवीगार, दांडाही हिरवा. दुसरीकडं अरुंद, हडकुळी, दांड्यावर तांबूस झाक. एकाच शेंगेतली ही सगळी, पण बघून कुणी भावंडं म्हटलं नसतं.

मी हिरवी उचलली. कोण उचलणार नाही? आमच्या माहेरी पोरगं तालमीत घेताना पहिल्यांदा छाती बघतात.

मामंजी डोळे बारीक करून बघत होते. म्हणाले, "पानावरनं फुलाचा अंदाज बांधावा, हट्ट धरू नये." मग माझ्या वाट्यातला एक दांडा बोटात धरून म्हणाले, "ह्यात तांबडं न्हाई. बघू या." मला त्यातलं एवढंच समजलं की माझा वाटा त्यांना आवडला.

झालं. तिथून पुढं मी त्या झाडांना जीव लावला. माझे वडील तालमीत वस्ताद. आमच्या घरात कुणाचं काही बिघडलं की औषध एकच, खुराक. पोरगं वाळलं, खुराक वाढवा. बाळंतीण थकली, खुराक वाढवा. गल्लीच्या तोंडाशी म्हशी बांधलेल्या असायच्या, लोक तिथंच धारोष्ण दूध प्यायचे, त्यामुळं शेणाला काय तोटा. मी शेण पाण्यात कालवून, फडक्यातनं गाळून झाडांना घालायची. मासे धुतलेलं पाणी घालायची. थंडीत तर जास्तच, कारण थंडीत पैलवान अंग धरतो. आणि ऊन लागू नये म्हणून कुंड्या घरामागच्या परड्यात शेजाऱ्यांच्या फणसाच्या सावलीत टांगल्या होत्या. रानातलं झाड, सावलीतच असणार, असा माझा हिशोब.

काय पानं आली म्हणून सांगू. काळीभोर हिरवी, तकतकीत. दांडे वितीएवढे लांब होते ते हाताएवढे झाले. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दांड्यांच्या पेरांवर कोंब फुटले. मी धावत जाऊन मामंजींना आणलं. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "कळी न्हवं. पिल्लं हायत." फुलाच्या जागी झाड पिल्लंच घालत होतं, मुळ्यांसकट. मी म्हटलं, काही का असेना, वंश तर वाढतोय. पिल्लं सोडवून मी गल्लीभर वाटली.

रोज सकाळी मामंजी चहाची कपबशी घेऊन परड्यात यायचे आणि विचारायचे, "कळी दिसती काय?"

"न्हाई अजून."

"यील. यील."

मी काय दगड नव्हते. त्यांची बशी दरवर्षी जास्त हिंदकळत होती, उंबऱ्याला ठेच लागत होती, पेपर खिडकीत नेऊन वाचत होते. मी त्यांना एकदा नाही, पन्नासदा विचारलं, "मामंजी, माझं कुठं चुकतंय काय? तुम्ही शिकलेली माणसं, सांगा की." त्यांचं उत्तर ठरलेलं. "कुठं चुकतंय? पानं बघ की, झकास." वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झकास म्हणतोय म्हटल्यावर मी पुढं काय बोलणार. आणखी एक तांब्या शेणपाणी घालायची.

मग एका वर्षी ते नेहमीसारखे इचलकरंजीला गेले. या खेपेला जरा जास्त राहिले. परत आले ते खुशीत होते. मला वाटलं आक्कांनी कटाची आमटी बरी केली असेल. मी विचारलं, "आक्कांची झाडं कशी हायत?"

ते म्हणाले, "पिवळी पडल्यात. पानं झडल्यात बरीच."

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, माणूसच आहे मी. पण वाईट जास्त वाटलं. आक्का गच्चीवर उन्हात कुंड्या ठेवतात हे मला ठाऊक होतं, मागाच्या धबडग्यात त्यांना वेळ कुठला. मी आमच्या ह्यांच्याबरोबर वाळलेल्या शेणखताचा डबा पाठवला आणि माझ्याकडची चार धट्टीकट्टी पिल्लं, ओल्या फडक्यात गुंडाळून. म्हटलं, मामंजींची आशा दोन्ही घरांत राहू दे. आक्कांनी उलट निरोप धाडला, "धाकटीला सांगा, लई उपकार झाले. झाडांना मानवलं." मी तो निरोप दोन दिवस मिरवला.

त्या पावसाळ्यात मामंजींची नजर गेली. एकदम नाही, वात विझत जावी तशी. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. पण सकाळचा क्रम चुकला नाही. भिंतीला हात लावत परड्यात यायचे, पान चाचपायचे आणि विचारायचे, "कळी दिसती काय?" आणि मी, ज्यांच्यासाठी कळी यायची त्यांचे डोळेच गेले, हे मनात ठेवून म्हणायची, "न्हाई अजून." तेवढ्या दोन शब्दांनी माझा दिवस सुरू व्हायचा आणि तिथंच नासायचा.

दिवाळीनंतर माझं डोकं फिरलं. शेजाऱ्यांनी फणस तोडला होता, परड्यात ऊन भसाभसा यायला लागलं होतं, आणि ती सगळी हिरवीगार पानं मला नुसती वाकुल्या दाखवतायत असं वाटायला लागलं. एका सकाळी मी सगळ्या कुंड्या काढल्या आणि न्हाणीमागच्या भिंतीला खिळ्यांवर अडकवल्या. "मरा तिकडं," म्हटलं. "खाऊन खाऊन माजलायसा नुसत्या." शेण बंद, पाणी बंद, बघणं बंद.

मामंजींनी ते ऐकलं. सोप्यातून म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिथंच. पाणी पण नको घालू." मला वाटलं म्हाताऱ्यानं आशा सोडली. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून रडले.

पानं पिवळी पडली, मग झडली. थंडीभर भिंतीला नुसत्या काटक्या लोंबत होत्या. शिवरात्रीच्या सुमारास न्हाणीचं पाणी तापवताना सहज वर बघितलं, तर एका उघड्या काटकीच्या पेरांवर मण्याएवढे फुगवटे. पिल्लं पुन्हा, म्हणून मी तोंड फिरवलं. दोन-चार दिवसांनी बघितलं तर त्यांना देठ आले होते. पिल्लांना देठ नसतो.

मी मामंजींना सांगितलं नाही. त्यांना त्या साली इचलकरंजीलाही जाऊ दिलं नाही, वारा बाधेल म्हटलं. रोज सकाळी ते विचारायचे, कळी दिसती काय, आणि मी ओठ दाबून म्हणायची, न्हाई अजून. उमलल्यावरच सांगायचं असं ठरवलं होतं मी. आयुष्यात तेवढं एकच गुपित मी नीट सांभाळलं असेन.

आणि उमललं. पांढरं. टोकाला जांभळं नाही, कुठं ठिपका नाही, रेघ नाही. फक्त गळ्याशी किंचित पोपटी झाक. सगळ्या पेरांवर जोडीजोडीनं, नितळ पांढरं. मी भिंतीपाशी उभीच राहिले. ह्यांना कामावर जाताना अडवून दाखवलं, ते म्हणाले, "आण्णांना सांगितलंस काय?" मी म्हटलं, तुम्ही जावा, ते माझं मी बघते.

कुंडी पुसून घेतली. मामंजी सोप्यात बसले होते. मी कुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्यांचा हात धरून काटकीवर नेला. रंग सांगितला नाही. आधी त्यांना फूल लागू दे, मग सांगू, असं माझं होतं. त्यांची बोटं पाकळीवर गेली आणि थांबली. मग एकेक पाकळी त्यांनी चिमटीत धरून टोकापर्यंत चाचपली. वास घेतला. त्यांच्या तोंडावर हसू आलं, पण ते अर्ध्यातच राहिलं.

"पाकळीला पीळ हाय," ते म्हणाले. "म्हंजे तसंच. टोकाला जांभळं, आत पांढरं होत गेलेलं, गळ्यात गडद डाग. चांगलं हाय. पण तसंच हाय."

मी विचारलं, "तसंच म्हंजे कसं?"

त्यांनी पुन्हा एक पाकळी चिमटीत धरली.

"मामंजी, तसंच म्हंजे कुणासारखं?"

त्यांनी कुंडीवरचा हात काढून घेतला. धोतराची कड चाचपत बसले. मग म्हणाले, "थोरलीकडं फुलल्यात. गेल्या साली. सगळी तसलीच निघाली. डोळं होतं तवर बघून घेतली मी."

मला आधी काही कळलंच नाही. गेल्या साली. म्हणजे ते खुशीत आले होते तेव्हा. पानं पिवळी पडल्यात म्हणाले होते तेव्हा. पानं झडतात तेव्हाच हे झाड फुलतं, हे मी माझ्या भिंतीवर आत्ता बघितलं होतं, त्यांनी ते पुस्तकांत आयुष्यभर वाचलं होतं. आणि मी तिकडं खताचा डबा पाठवला होता. फुलांनी भरलेल्या गच्चीवर माझी पिल्लं गेली होती, आणि आक्का म्हणाल्या होत्या, मानवलं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"थोरलीच म्हणाली, नको सांगायला. तुला वाईट वाटलं असतं. तू एवढं करत होतीस."

"आणि शेण? सावली? ते चुकतंय हे तुम्हाला दिसत न्हवतं?"

"दिसत होतं."

"आक्कांना सांगितलं न्हवं? उन्हात ठेव, थंडीत उपाशी ठेव म्हणून?"

"व्हय. तिनं विचारलं."

"मी न्हाई विचारलं? रोज विचारलं मी."

त्यावर ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, "तुझ्या घरात राहतो, तुझ्या हातचं खातो. तू जीव लावून घालतीस ते चुकीचं हाय, असं कुठल्या तोंडानं सांगू? मन राखलं तुझं."

मला राग आला, आणि तो राग मी आजही खाली ठेवलेला नाही. माणसानं मला शिव्या द्याव्यात, मी दोन जास्त देईन आणि विसरून जाईन. पण हा माणूस वर्षभर रोज सकाळी माझ्या परड्यात येऊन मला विचारत होता की कळी दिसती काय, आणि मी रोज मान खाली घालून नाही म्हणत होते, अपराध्यासारखी. फूल त्यांनी बघितलेलं होतं. माझी धडपड कशासाठी होती मग? मी तसं विचारलंही, आवाज चढवून, गल्लीला ऐकू जाईल असं.

ते म्हणाले, "पांढऱ्यासाठी. दांड्यात तांबडं असलं की बहुतेक फुलात जांभळं उतरतं. तांबडं नसलेले दांडे तुझ्याच वाट्याला होते. पांढरं निघालं तर तुझ्याकडंच निघणार होतं. ते विचारणं खरं होतं, पोरी."

तेव्हा मला मांडीवरच्या कुंडीची आठवण झाली. रागाच्या भरात रंग सांगायचाच राहून गेला होता. मी खाली बसले. राग बाजूला ठेवून, होईल तितक्या हळू आवाजात म्हटलं, "मामंजी, हे तसलं न्हाई. हे पांढरं हाय. सगळंच्या सगळं पांढरं. टोकाला बी जांभळं न्हाई."

ते हसले. माझ्या डोक्यावर हात शोधत आणला आणि थोपटलं.

"असू दे," म्हणाले. "मला काय ऐकायचंय ते तुला ठाऊक हाय. मी तुझं मन राखलं, आता तू माझं राखतीस. नको."

"मामंजी, मी खोटं बोलत न्हाई. माझ्या गळ्याची आण."

"राग गेला न्हवं तुझा? मग झालं तर."

संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, पांढरं आहे. मामंजी म्हणाले, बायकोनं शिकवलेलं दिसतंय. शेजारणीला आणून उभी केली. तिला म्हणाले, माझ्या सुनेला तुम्ही सगळी भिताय. फुलं कोमेजायच्या आत मी आक्कांना निरोप धाडून बोलावून घेतलं. आक्का आल्या, फूल बघून माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि सोप्यात जाऊन म्हणाल्या, "मामंजी, खरंच पांढरं हाय. माझ्याकडच्यांसारखं न्हाई." मामंजी मोठ्यानं हसले. "मागं तू मला गप्प बसायला शिकवलंस," म्हणाले, "आता बोलायला शिकवायला आलीस व्हय?" आक्का परत जाताना माझ्या हाताला धरायला आल्या. मी हात दिला नाही.

ते झाड पुढं दरवर्षी फुललं, त्याच न्हाणीमागच्या भिंतीवर. मामंजी आणखी बरीच वर्षं होते. फुलांच्या दिवसांत त्यांचे कॉलेजातले जुने सोबती यायचे, तेव्हा ते खुर्ची भिंतीपाशी नेऊन ठेवायला सांगायचे आणि आपल्या जोडीची हकीकत पहिल्यापासून ऐकवायचे. शेवटी म्हणायचे, "माझंच चुकलं होतं. पांढरं काही निघालं नाही." पाहुणे त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या फुलांकडं बघायचे, मग माझ्याकडं. कुणीच काही बोलायचं नाही, मन राखायचे. मी त्यांच्या हातात चहाचे कप द्यायची.